गाडी ऑईल पिते, दोष कोणाचा?



आपल्या या सदरात आम्ही घर, आरोग्य, मुलांचे शिक्षण अशा गोष्टींवर बोलत असतो. आज एका जुन्या मोटारीबद्दल लिहीत आहोत. विषय इंजिनाचा दिसला तरी तो माणसांपर्यंत कसा गेला, हे शेवटी कळेल.

वरणगावातल्या आमच्या वस्तीत आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. या गाडीचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी 2023 साली कायमची गेली. पण काकांची गाडी अजून वस्तीच्या उपयोगी पडते. रात्री-अपरात्री बाळंतिणीला भुसावळला न्यायचे असो की लग्नाची नवरी आणायची असो, दार काकांचेच वाजते. गाडी धूर सोडू लागली तेव्हा काकांनी फंडातले पैसे काढून इंजिनाचे काम करवले. काम केले वस्तीतल्याच एका तरुणाने. आयटीआय करून त्याने नुकतेच हायवेला छोटे गॅरेज टाकले होते.

काम होऊन दोन महिने झाले, तरी गाडी ऑईल पीतच होती. सहाशे किलोमीटरला पाऊण लिटर! मग तोंडे सुटली. "पिस्टन जुनेच घातले असतील," एक म्हणाला. दुसऱ्याचे बोल मात्र आमच्या काळजाला लागले. "आपल्या पोरांना काम कुठे येते? बाहेरच्या मोठ्या मिस्तरीकडे द्यायला पाहिजे होते." हे बोलणारा आपलाच माणूस होता. पोराच्या गॅरेजात येणारी दोन गिऱ्हाइके त्या आठवड्यात परत गेली. काकाही त्याच्याशी बोलेनात.

दोघांचे म्हणणे ऐकायला आम्हाला बोलावले. आम्ही काकांना एवढेच विचारले, "काका, निर्माणीत तुम्ही उभी हयात काडतुसे तपासली. कोणी म्हणाले म्हणून कधी माल पास केला का?" काका म्हणाले, "छे! गेज लावल्याशिवाय नाही." "मग या पोराला गेज न लावताच नापास कसे केले?" काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः गाडी घेऊन गॅरेजात गेले. आम्हीही सोबत होतो.

तपास कसा झाला तो क्रमाने सांगतो, कारण जुनी जीप, टेम्पो किंवा रिक्षा चालवून पोट भरणारे आपले अनेक बांधव आहेत.

पहिले काम मापाचे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी काडी पुसून ऑईल पाहायचे. वहीत किलोमीटर लिहायचे आणि वरून घातलेले ऑईल मापाच्या बाटलीने मोजायचे. "लई पिते" हे काही माप नव्हे. खुणेच्या वर ऑईल भरले तरी क्रँक ते घुसळते आणि ते जळते. जुन्या धाटणीचे इंजिन थोडे ऑईल खाणारच. पण हजार किलोमीटरला लिटरभर जाऊ लागले तर शोध घ्यावा.

दुसरे, ऑईल जळते की गळते? रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. सकाळी त्यावर डाग पडले असतील तर दोष पॅकिंगचा किंवा सीलचा असतो. काकांच्या गाडीखालचा कागद कोरा निघाला. म्हणजे ऑईल जळत होते.

तिसरे, ब्रीदर. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर जाण्याची ही वाट मळीने बुजली, तर आत दाब वाढून ऑईल नको तिथे ढकलले जाते. ती नळी साफ होती.

चौथे, कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून चारही प्लग काढले, कॉईलची वायर सोडली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहिला. मग प्रत्येकात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजले. ऑईल टाकल्यावर आकडा बराच चढला तर रिंगा किंवा बोअर ढिला समजावा. इथे चारही आकडे जवळपास सारखे होते आणि फारसे चढले नाहीत. दोन प्लग मात्र काळे, तेलकट होते.

पण कॉम्प्रेशन बरोबर आले म्हणून मिस्तरी लगेच सुटत नाही. वरच्या रिंगा दाब धरतात, ऑईल खरवडण्याचे काम खालची रिंग करते. ती चुकीची बसली, रिंगांची तोंडे एका रेषेत आली, किंवा नव्या इंजिनाला पहिल्या दिवसांत तासन् तास जागेवरच चालू ठेवल्याने बोअर गुळगुळीत झाला, तरी ऑईल जाते. म्हणून पाचवी परीक्षा धुराची. चढावर भार असताना सतत निळा धूर आला तर संशय रिंगांवर. उतारावर पाय सोडून आल्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निळा लोट आला तर संशय व्हॉल्व्हच्या गाईडवर.

इथे काकांना एकदम आठवले. नातवाला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयात सोडून येताना अजिंठ्याचा घाट उतरून गाडी फर्दापूरला पोचली. तिथे अ‍ॅक्सिलरेटर दिला तेव्हा मागचा मोटारसायकलवाला धुरात दिसेनासा झाला होता! घाट चढताना मात्र धूर नव्हता.

त्याचे कारण सोपे आहे. उतारावर पाय सोडला की हवेची वाट बंद होते, पण पिस्टन खाली ओढतच राहतो. त्या ओढीने हेडमधले ऑईल झिजलेल्या गाईडमधून सिलिंडरात उतरते. पोराने इनटेक मॅनिफोल्ड सोडला, तर दोन व्हॉल्व्हच्या दांड्या ऑईलने निथळत होत्या. हेड खोलून व्हॉल्व्ह हलवले, तर गाईडमध्ये ते दात हलावेत तसे हलले.

मग खरी गोष्ट बाहेर आली. काम देताना पोराने हेडचेही काम करायला सांगितले होते. पैसे वाचावेत म्हणून काकांच्या घरच्यांनी अर्धेच इंजिन करवले होते. खाली बोअर आणि पिस्टन नवे, वर हेड जुने. पूर्वीही गाईडमधून ऑईल जात होते, पण सगळा धूर पिस्टनच्या नावावर खपत होता. नव्या रिंगांनी इंजिनाची ओढ वाढली आणि गाईडचा दोष उघडा पडला. पोराचीही एक चूक होती. "हेडचे काम केले नाही" असे त्याने बिलावर लिहून दिले नव्हते. ती त्याने मान्य केली. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आधी विचारायला पाहिजे होते रे तुला." गाईड बदलून, व्हॉल्व्ह घासून हेड बसले. पुन्हा त्याच वहीत माप सुरू झाले. सहाशे किलोमीटरनंतर काडीवरचा फरक बोटभरही नव्हता.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मानू नका. आपण ते विहारात ऐकतो आणि बाहेर येऊन ऐकीव गोष्टीवर आपल्याच पोराला दोषी ठरवतो. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या खात्यामार्फत कामगारांना तांत्रिक प्रशिक्षण देण्याची योजना चालत असे. हाताला हुनर आले तर माणूस कोणाच्या दारात उभा राहणार नाही, हे आपल्याला त्यातून घ्यायचे आहे. ते हुनर घेऊन आलेल्या मुलाला पहिले गिऱ्हाईक आपणच द्यायचे असते. काम चुकले तर दाम जरूर मागा, पण आधी माप लावा. "आपल्या पोरांना येत नाही" हे वाक्य शेकडो वर्षे दुसऱ्यांनी आपल्याबद्दल म्हटले. ते आपल्या तोंडून तरी निघू नये.

परवा काकांची गाडी पुन्हा भुसावळला गेली, दवाखान्यात. सायलेन्सर कोरडा होता. स्टिअरिंगवर तोच पोरगा होता.