थोरल्याला किती होते?

दहावीचा निकाल लागला की शेजारीपाजारी अभिनंदनाला येतात. पेढा तोंडात विरघळायच्या आत प्रश्न येतो, "वा, छान! आणि थोरल्याला किती होते हो?" थोरला आतल्या खोलीत असतो. त्याला सगळं ऐकू येत असतं.

हा प्रश्न कानावर पडला की मला कोलकात्याचं बेहाला आठवतं. बेहाला म्हणजे सौरव गांगुलीचं बेहाला, हे आता शाळकरी पोरही सांगेल. पण त्या घरात दोन क्रिकेटपटू होते. थोरला स्नेहाशीष आणि धाकटा सौरव. थोरला डावखुरा फलंदाज. धाकटा मुळात उजव्या हाताचा. पण दादाचं सामान वापरता यावं म्हणून तोही डाव्या हाताने खेळायला लागला. म्हणजे पुढे जगाने ज्या डावखुऱ्या फटक्यांना डोक्यावर घेतलं, त्यांची सुरुवात थोरल्याच्या किटबॅगेतून झाली!

स्नेहाशीष बंगालकडून रणजी खेळत होता. १९८९-९० च्या मोसमात बंगालने अंतिम फेरी गाठली. समोर दिल्ली, मैदान ईडन गार्डन्स. आणि संघ जाहीर झाला तेव्हा थोरल्याला वगळून सतरा वर्षांच्या धाकट्याला घेतलेलं होतं! बंगालने त्या वर्षी रणजी करंडक जिंकला, तोही अर्धशतकानंतर. सारं कोलकाता आनंदात असताना बेहाल्यातल्या त्या घरी रात्री जेवताना काय बोलणं झालं असेल? अभिनंदन कुणी कुणाचं केलं असेल? बातमीत हे कधी येत नाही.

त्या दिवसापासून थोरल्याची ओळख 'सौरवचा भाऊ' अशी झाली. राज्याच्या संघात पोचणं ही काय साधी गोष्ट आहे? पण आपल्याकडे पट्टी एकच. "भारताकडून खेळला का?" नाही ना, मग संपलं.

बरं, जो खेळला त्याला तरी आपण सुखाने राहू दिलं का? १९९२ साली ब्रिस्बेनला वेस्ट इंडीजविरुद्ध सौरव पहिला एकदिवसीय सामना खेळला. धावा तीन. पुढची चार वर्षं तो भारतीय संघाबाहेर. मैदानात पाणी न्यायला त्याने नकार दिला अशी आवई उठली. ती खरी नाही, असं तो पुढे सांगत राहिला. पण आवईला कोण थांबवणार? १९९६ ला इंग्लंड दौऱ्यासाठी निवड झाली, तर "कोट्यातून आलाय" म्हणून नाकं मुरडली गेली. लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटीत त्याने १३१ धावा काढल्या आणि नाकं मुरडणारेच टाळ्या वाजवू लागले.

पुढे तो कर्णधार झाला, बंगालचा 'दादा' सगळ्या देशाचा दादा झाला. २००५ साली आधी कर्णधारपद गेलं आणि डिसेंबरमध्ये कसोटी संघातली जागाही. पुन्हा तेच, "संपला!" वर्षभराने जोहान्सबर्गला परतून त्याने नाबाद ५१ धावा केल्या. २००७ मध्ये बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध २३९!

शेवटचा सामना आपल्या नागपुरात झाला, नोव्हेंबर २००८ मध्ये, जामठ्याला. पहिल्या डावात ८५. दुसऱ्या डावात पहिल्याच चेंडूवर बाद, शून्य. माणूस तोच, सामनाही तोच. शेजारच्या काकांनी यातला कुठला आकडा विचारावा?

आणि मुंबईचा अमोल मुझुमदार? १९८८ साली शाळेच्या सामन्यात सचिन आणि कांबळी ६६४ धावांची भागी करत होते, तेव्हा हा पॅड बांधून बसला होता. रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक. पण भारताची टोपी मिळाली नाही. मग "बिच्चारा" हा शब्द त्याच्या नावाला जो चिकटला, तो २ नोव्हेंबर २०२५ पर्यंत. त्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. प्रशिक्षक होता अमोल मुझुमदार. दुसऱ्या दिवशी "मी तेव्हाच म्हणालो होतो" असं सांगणारे किती भेटले म्हणून सांगू! तो मात्र आदल्या दिवशी होता तेवढाच शहाणा होता.

असो. बेहाल्याकडे वळते. स्नेहाशीष गांगुली २०२२ साली बंगाल क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष झाला. ज्या ईडन गार्डन्सवरच्या अंतिम सामन्यातून त्याला वगळलं, तिथलाच कारभार त्याच्या हाती आला. तीन वर्षं त्याने तो पाहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये नवा अध्यक्ष बिनविरोध निवडून आला.

थोरल्याच्या जागी पुन्हा धाकटाच. सौरव!