टर्बोला घाम फुटतो तेव्हा

"काका, फ्रंट माउंट इंटरकूलर बसवायचाय."

माझा मित्र पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये जाऊन मोठ्या थाटात हे बोलला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. गाडी त्याच्या बाबांची, स्कोडा स्लाव्हिया, १.० लिटर टीएसआय. हप्ते अजून चालू. पठ्ठ्याने चार महिने रील्स बघून ठरवलं होतं की बंपरच्या जाळीतून चकचकीत ॲल्युमिनियमचा ठोकळा दिसला की गाडी ‘स्पोर्ट्स कार’ होते. गॅरेजवाल्या काकांनी बॉनेट उघडलं आणि शांतपणे म्हणाले, "आधी हिचा आत्ताचा इंटरकूलर कुठाय तो दाखव बरं."

त्याला दाखवता आला नाही. मलाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, इंटरकूलर हा आपला विषय कधीपासून झाला? ५० लाखांच्या आसपासच्या गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस २०२५ मध्ये भारतात आल्या, मोजक्या शेकड्यात आल्या आणि हातोहात संपल्या. त्या आपल्या पार्किंगमध्ये येणार नाहीयेत. पण टर्बो आणि इंटरकूलर ही जोडी आपल्या पार्किंगमध्ये आधीच आलेली आहे, आणि ती करामुळे आली आहे. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरपेक्षा छोट्या आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना कमी अबकारी कर लागू झाला. तेव्हापासून ही रेघ कायम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, तरी रेघ तीच राहिली: रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. त्यात एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि छोटी डिझेल इंजिनं परवडेनाशी झाली. मग कंपन्यांनी काय करावं? इंजिन हजार-बाराशे सीसीचं ठेवायचं आणि टर्बो लावून ताकद वाढवायची. फ्रॉन्क्स, व्हेन्यू, नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक, सगळ्यांच्या टर्बो-पेट्रोलमागे हाच हिशेब आहे. म्हणजे अर्थमंत्र्यांच्या एका रेघेने मध्यमवर्गाच्या घरात टर्बो आणला, आणि टर्बोच्या मागोमाग तुमच्या फीडमध्ये ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ विकणारे आले.

यातला इंटरकूलर नेमका काय करतो, ते समजून घेऊ. सायकलमध्ये पंपाने हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं ना? टर्बोचंही तेच. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि दाबलेली हवा तापते. गरम हवा विरळ असते, म्हणजे दाब तेवढाच असूनही ऑक्सिजन कमी. शिवाय हवा जास्त गरम असेल तर पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन ठोके देतं, ज्याला नॉकिंग म्हणतात. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये हवा थंड करणारा एक रेडिएटर लागतो. तोच इंटरकूलर. ही काही नवी जादू नाही. ट्रकमधल्या टाटा ६९७ इंजिनाच्या नावापुढे ‘टीसीआयसी’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ टर्बोचार्ज्ड इंटरकूल्ड. ऊस वाहणारा ट्रकही या बाबतीत तुमच्या रीलमधल्या गाडीचा थोरला भाऊच.

आता थोडं गणित. कॉमर्सवाल्यांनो, पळू नका, कारण अख्खा खर्च वाचवणारी गोष्ट इथेच आहे.

बाहेर ३५ अंश तापमान आहे आणि टर्बो हवेचा दाब दुप्पट करतोय असं धरा. टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा साधारण १३० अंशांवर जाते. चहाच्या उकळत्या पाण्यापेक्षा गरम. कंपनीचा इंटरकूलर या वाढीव उष्णतेपैकी ७० टक्के काढतो असं समजा, तर इंजिनात जाणारी हवा ६४ अंशांच्या आसपास येते आणि जवळपास २० टक्के दाट होते. जबरदस्त फायदा! आता तुम्ही पैसे खर्च करून मोठा इंटरकूलर लावला आणि त्याने ७० च्या जागी ८५ टक्के उष्णता काढली. हवा येते ४९ अंशांवर. किती दाट झाली? आणखी साडेचार टक्के. बस्स. तेही नव्या इंटरकूलरमधून जाताना हवेचा दाब पडला नाही तर.

पहिल्या इंटरकूलरने जे दिलं, त्याच्या पावपटच दुसरा देतो. कारण बाहेरच्या हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. बाहेर नागपूरचा मे महिना असेल आणि पारा ४५ वर असेल, तर तुमच्या इंटरकूलरची सुरुवातच ४५ पासून.

मग लोक मोठे इंटरकूलर लावतात ते काय वेडे आहेत? नाहीत. वरचं गणित पहिल्या फेरीचं आहे. ट्रॅकवर पाचव्या फेरीला गोष्ट बदलते. सतत रगडून इंटरकूलरचं धातूच तापतं, ‘हीट सोक’ होतो, आणि ७० टक्के उष्णता काढणारा इंटरकूलर समजा ४० टक्क्यांवर येतो. आता इंजिनात ९० अंशांच्या वरची हवा जातेय. गाडीचा ईसीयू हुशार असतो, तो नॉकिंग टाळायला इग्निशन मागे घेतो आणि ताकद कापतो. इथे मोठा इंटरकूलर तब्बल १३-१४ टक्के दाट हवा देऊ शकतो. म्हणजे हा पार्ट मुख्यतः असलेली ताकद जाऊ देत नाही. म्हणूनच विकत घेण्याआधी तुमची ताकद नक्की कुठे जातेय, हे शोधावं लागतं.

प्रकार मुख्यतः तीन. पहिला, बंपरमागे बसणारा फ्रंट माउंट. समोरून भरपूर वारा मिळतो, पण पाइप लांब होतात आणि तो दाब भरायला टर्बोला क्षणभर जास्त लागतो. आपल्याकडे आणखी एक भानगड: त्याच्या मागेच एसीचा कंडेन्सर आणि इंजिनाचा रेडिएटर असतो. जाड ठोकळ्याने त्यांचा वारा अडवला, तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये एसी गार हवा देईनासा होतो आणि इंजिनाचा काटा चढतो. दुसरा, इंजिनाच्या डोक्यावर बसणारा टॉप माउंट. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवर जे नाक असतं ते यासाठी. सुबारू पाहिली नसेल तरी जुनी ३.० लिटरची फॉर्च्युनर नक्की पाहिली असेल, एखाद्या नेत्याच्या ताफ्यात. तिच्या बॉनेटवरचं भोक रुबाबासाठी नव्हतं, खालच्या इंटरकूलरला वारा द्यायला होतं. पाइप आखूड, प्रतिसाद चटकन. पण सिग्नलला थांबलात की खालून इंजिन त्याला भाजत बसतं.

तिसरा प्रकार पाण्याचा. हवेची उष्णता आधी पाण्याला द्यायची, मग ते पाणी वेगळ्या छोट्या रेडिएटरमध्ये थंड करायचं. पाणी उष्णता पचवण्यात हवेच्या चौपट तरबेज, त्यामुळे थोडा वेळ जोरात पळायचं असेल तर उत्तम. ड्रॅग रेसवाले तर टाकीत बर्फ टाकतात. पण एकदा पाणी तापलं की गार व्हायला वेळ घेतं. आणि माझ्या मित्राच्या गाडीचं उत्तर इथेच होतं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या या टीएसआय इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या आतच बसवलेला आहे, पाण्यावर चालणारा, स्वतःच्या वेगळ्या पाण्याच्या फेरीसह. बंपरमागे शोधून तो सापडणार कसा? फ्रंट माउंट लावायचा म्हणजे इंजिनीअरांनी मुद्दाम आखूड ठेवलेला हवेचा रस्ता तोडून लांब करायचा. काकांनी हे दोन वाक्यांत सांगितलं, वर चहा पाजला आणि काही विकलं नाही. असे गॅरेजवाले जपून ठेवा.

समजा तुमची गाडी खरंच त्या जातीची आहे, सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस वगैरे, ज्यात इंटरकूलर पुढे असतो आणि हवेवर चालतो. तर पुढचा प्रश्न ठोकळ्याच्या बांधणीचा. ‘ट्यूब अँड फिन’ हलका असतो, चटकन तापतो आणि चटकन गारही होतो. ‘बार अँड प्लेट’ जड, उष्णता जास्त साठवतो, दगड-खडी सोसतो, पण एकदा तापला की निवायला वेळ लावतो. ट्रॅकवर सतत वारा मिळतो, तिथे दुसरा शोभतो. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या चढावर मात्र परिस्थिती उलटी: इंजिनावर भार पूर्ण, वेग ४०, आणि समोरून वारा जेमतेम. तिथे ठोकळा कितीही महागडा असला तरी वाऱ्याविना तो नुसता धातूच. आणि हायवेला? शंभरच्या स्थिर वेगाला छोट्या सेडानला साधारण २० हॉर्सपॉवर पुरते. टर्बो जवळजवळ झोपलेला असतो. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत नागपूरला जाणाऱ्याला मोठ्या इंटरकूलरचा उपयोग काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

अंदाज नको असेल तर मोजा. ओबीडी पोर्टमध्ये लावायचं ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन स्वस्तात मिळतं. त्यात ‘इनटेक एअर टेम्परेचर’ दिसतं. बाहेरच्या तापमानापेक्षा ते किती वर जातं आणि जोर सोडल्यावर किती वेळात खाली येतं, हे दोनच आकडे हवेत. (काही गाड्यांत हा सेन्सर टर्बोच्या आधी असतो, मग तो आकडा निरुपयोगी. तेवढं आधी तपासा.) फोन शेजारच्या मित्राच्या हातात द्या, तुम्ही रस्त्याकडे बघा.

आता ती गोष्ट, जी रीलमध्ये कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्यात ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला फेरफार. निव्वळ इंटरकूलर त्यात बसतो का, यावर वाद घालता येईल. पण इंटरकूलर एकटा येत नाही. कंपनीच्या ईसीयूवर त्याचा रोजच्या वापरात फारसा फरक जाणवत नाही, म्हणून मागोमाग रीमॅप येतो, मग डाउनपाइप येतो, त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असतो. इथे वाद उरत नाही. वॉरंटी जाते. आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेयरला दिसला, तर क्लेम अडकू शकतो. पॉलिसीवर नाव बाबांचं असतं, हेही लक्षात घ्या.

माझी तक्रार कायद्याबद्दलही आहे. जर्मनीत सुटा भाग तपासून प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवून बदल नोंदवता येतो. आपल्याकडे पेट्रोल गाडीला सीएनजी किट लावायची रीतसर वाट आहे, पण चांगला इंटरकूलर तपासून घेऊन नोंदवायची सोपी वाट विद्यार्थ्याला कुणी दाखवत नाही. वाट नसली की लोक चोरवाटेने जातात, आणि चोरवाटेवर नकली पार्ट विकणारा पहिला भेटतो.

ज्यांना हात काळे करायचेच आहेत, त्यांच्यासाठी एक जागा आहे. तुमच्या किंवा शेजारच्या इंजिनीअरिंग कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंटची टीम असेल, तर तिचं दार ठोठवा. त्या नियमांत टर्बो चालतो, इंटरकूलर चालतो, पण इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून ओढावी लागते. इतक्या कमी हवेत प्रत्येक अंश मोजून घ्यावा लागतो. मेकॅनिकलची मुलं तिथे रात्री दोनला पाइपचा एक वळसा कमी करण्यावरून भांडत असतात.

माझ्या मित्राने डोंगल घेतलं. दोन आठवडे आम्ही कॉलेज, कात्रज, खंबाटकी असं फिरलो. सिग्नलला आकडा चढायचा, गाडी सुटली की काही मिनिटांत उतरायचा. बॉनेट उघडल्यावर सापडलं ते वेगळंच: पुढच्या रेडिएटरच्या पात्यांत अडकलेले किडे, चिखल आणि एक अख्खं पिंपळाचं पान. ते हलक्या पाण्याने धुतलं, एअर फिल्टर बदलला. फ्रंट माउंटचे पैसे त्याच्या खात्यात आहेत. सध्या तो टायर बघतोय.