नायिकेला काय येते?

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, की मराठीच्या प्राध्यापकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. आकाशकंदील घेताना किंवा एस.टी.च्या थांब्यावर कोणी तरी परिचित गृहस्थ गाठतात आणि म्हणतात, "सर, मुलगी सोळा वर्षांची झाली. वाचते पुष्कळ, पण सगळे जादूचे आणि राक्षसांचे! हे वय का परीकथांचे? तिला काही चांगले सुचवा ना." मुलीला ताप भरल्यासारखी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर असते.

मी त्यांना धीर देतो. मराठी कादंबरीचे स्वतःचे बालपणच मुळी अद्भुतात गेले आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली आणि तिने विधवांचे दुःख मांडले, हे खरे. पण तिच्या पाठोपाठ वाचकांनी उचलून धरल्या त्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) अशा कादंबऱ्या. राजवाडे, अरण्ये, कपटकारस्थाने आणि पानापानावर योगायोग! आपल्या पणजोबांचे आजोबा ते वाचून बिघडले नाहीत; मग आपली कन्याच कशी बिघडेल?

तेव्हा अद्भुत वाचावे की नाही, याचा वाद मी घालत नाही. मी त्या गृहस्थांना फक्त एक उलट प्रश्न विचारतो : "त्या गोष्टीतल्या नायिकेला येते काय?"

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. मुक्तामाला काय, मंजुघोषा काय, मुखपृष्ठावर नाव नायिकेचे; पण आत तिच्या वाट्याला बहुतांशी रूप, शील आणि सोसणे. पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला आणि मुलांना सायकलवरून भन्नाट सुटणारा, डोके चालवणारा दोस्त मिळाला. मुलींनीही तो आवडीने वाचला; मात्र वाचताना त्यांना मनातल्या मनात बनेश व्हावे लागले.

आता काळ पालटला आहे. इंग्रजीत तरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुत कादंबऱ्यांत नायिका तलवार चालवते, बाण मारते, चार भाषा बोलते. वाचून बरे वाटते. पण कधी कधी ती यादी पाहून मला जुन्या 'वधू पाहिजे'च्या जाहिराती आठवतात. 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, शिवणकाम व गायन येणारी'! यादीत चार कलांची भर पडली म्हणजे मुलगी कुशल झाली, असे थोडेच आहे? ती शिकली कोणाकडून, चुकली कितीदा, आणि शिकण्यासाठी तिने काय खर्ची घातले, हे कळल्यावाचून त्या कौशल्याला वजन येत नाही.

फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाने हे नेमके ओळखले. त्याच्या कादंबरीत्रयीचा पहिला भाग १९९५ साली निघाला. तिची नायिका लायरा ही जेमतेम बारा वर्षांची, खोटे बोलण्यात पटाईत अशी पोर. तिच्याकडे होकायंत्रासारखे एक सोन्याचे यंत्र येते. तबकडीवर छत्तीस चित्रे, आणि त्यांवरून फिरणारी सुई खरे उत्तर सांगते. भल्या भल्या पंडितांना ग्रंथ उलटावे लागतात, तिथे या मुलीला ते आपोआप वाचता येते. पण २००० साली आलेल्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस ती देणगी नाहीशी होते, आणि लायरा तीच विद्या अभ्यासाने, वर्षानुवर्षे खपून मिळवायचे ठरवते. देवाने दिले ते गेले. आता कमवायचे ते तिचे. तरुण मुलीच्या हाती द्यावी अशी याहून चांगली गोष्ट मला चटकन सुचत नाही.

सुईची नवलाई आमच्या अलिबागेला नवी नाही म्हणा! मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांनी चुंबकाची सुई बिथरणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इकडे आणली गेली. लोखंड टाळून बांधलेल्या त्या इमारतींत पृथ्वीच्या अदृश्य शक्तीची मोजदाद चालते. एखाद्या कादंबरीकाराने हे कल्पनेने रचले असते, तर आपण त्याची पाठ थोपटली असती.

अशा या गावाच्या परिसरात मी शिकवतो. एकदा वर्गाला सांगितले, अद्भुत कादंबरीचे पहिले प्रकरण लिहून आणा. एका मुलीने फार गोड भाषेत लिहिले होते. राजकन्येला समुद्रातल्या किल्ल्यावर जायचे आहे, नाव नाही, नावाडी नाही. ती देवीचा धावा करते, देवी वर देते, समुद्र दुभंगतो आणि राजकन्या कोरड्या पावलांनी पार होते. वाचन संपताच मागच्या बाकावरून कोळीवाड्यातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, वर कशाला? ओहोटीची वेळ बघायची ना!"

वर्ग हसला. मी तिला फळ्यापाशी बोलावले. ती संकोचत आली आणि तिने हिशेब मांडला. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता भरती, म्हणून नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्या दिवशी राजकन्येने घरीच बसावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी दूर हटते, तेव्हा सकाळी सहाच्या सुमारास निघावे. आणि किल्ल्यात रमून जाऊ नये, कारण पाणी परत फिरले की ते कोणाची वाट पाहत नाही. शिवछत्रपतींनी १६८० साली बांधायला घेतलेला कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यावरून समोरच दिसतो, आणि ओहोटीला तिथे चालत जाता येते. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती वाट तुडवली होती. हिशेब मात्र कोणालाच ठाऊक नव्हता.

"हे कोणी शिकवले?" मी विचारले.

"आजीने." आजीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते.

"मग तू हेच का नाही लिहिलेस?"

तिने गोंधळून माझ्याकडे पाहिले. "हे काय लिहायचं, सर? हे तर आमच्यात सगळ्यांनाच येतं."

वाचकहो, ते उत्तर माझ्या मनातून जात नाही. त्या मुलीने डझनावारी पुस्तके वाचली होती, पण आजीला जे येत होते ते कुठल्याही नायिकेला येताना तिने पाहिले नव्हते. म्हणून ती विद्या विद्याच नव्हे, अशी तिची समजूत झाली. तिच्या वहीत एक परदेशी राजवाडा होता, बर्फ होते, आणि एक रूपवान राजकन्या वाट पाहत बसली होती.

म्हणून माझे सांगणे इतकेच, की यंदा मुलीच्या हाती जादूची कादंबरी दिसली तर ती काढून घेऊ नका. फराळाचे ताट पुढे करून विचारा, "बाळ, हिला काय येते? कोणी शिकवले?" उत्तर ऐकून घ्या. मग जमले तर स्वयंपाकघराकडे वळून तोच प्रश्न तिच्या आजीलाही विचारा. आणि मुलीला वही घेऊन जवळ बसू द्या.