चेंडूचा ‘बाउन्स’ आणि चेकचा

गुलमंडीवरील कापडाच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक विरळ झाले, की फोनवरचे एक वाक्य हमखास कानी पडते : ‘‘अहो, त्या पार्टीचा चेक बाउन्स झाला.’’ सांगणारा तरुण हे अशा स्वरात सांगतो, की जणू वीज गेली किंवा पाऊस आला. गादीवर बसलेले आजोबा तेवढे विचारतात, ‘‘चेक बाउन्स झाला, की त्यांनी पैसे दिले नाहीत?’’ नातवाला दोन्हींतला फरक चटकन उमगत नाही. फरक आहे तो क्रियापदाचा.

‘बाउन्स’ हे मुळात खेळकर क्रियापद. आपटलेली वस्तू उसळते, त्या क्रियेला हा शब्द. आखूड टप्प्यावर पडून अंगावर उसळणारा चेंडू म्हणजे बाउन्सर. त्यावरूनच न समजलेले व्याख्यान ‘डोक्यावरून बाउन्सर गेले’ असे मराठी मुलेही म्हणतात. हॉटेलच्या दारात उभा असलेला धिप्पाड रखवालदारही बाउन्सरच, कारण नको असलेल्या माणसाला तो बाहेर भिरकावतो. चुकीच्या पत्त्यावर धाडलेला ईमेल बाउन्स होऊन परत येतो. मंदीतून सावरलेल्या व्यापाऱ्याने ‘बाउन्स बॅक’ केले म्हणतात. या शब्दाचा हा सर्वांत उमदा अर्थ, पण आपल्या पेठांत तो क्वचितच ऐकू येतो.

चेकला हा शब्द चिकटला तो गेल्या शतकात, अमेरिकेच्या बोलीभाषेतून. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचा शब्द वेगळा आहे : ‘डिसऑनर’. याच्या मुळाशी ‘ऑनर’ हे क्रियापद. इंग्रजीत पाहुण्याला ऑनर करतात, दिलेला शब्द ऑनर करतात आणि चेकही ऑनर करतात. म्हणजे चेक वटवणे आणि वचन पाळणे यांसाठी त्या भाषेने एकच शब्द ठेवला. मराठी कायदेपंडितांनी ‘धनादेशाचा अनादर’ असे भाषांतर केले. कानाला ते बोजड लागते, परंतु अर्थाला चोख आहे. बँकेच्या जुन्या रिटर्न मेमोवरील ‘रेफर टू ड्रॉवर’ हा शेरा तर इंग्रजी अदबीचा नमुनाच. खात्यात पैसे नाहीत असे तोंडावर न सांगता ‘चेक देणाऱ्यालाच विचारा’ एवढेच त्यात सुचविलेले असते. (येथे ड्रॉवर म्हणजे टेबलाचा खण नव्हे!)

आपल्या पेढ्यांवर याहून नेमके क्रियापद होते. मुदतीची हुंडी आली, की ती ‘सकारली’ जाई किंवा ‘नाकारली’ जाई. सकारणे म्हणजे होकार देऊन ती आपल्या अंगावर घेणे. हुंडी नाकारली जाण्याची शंका असल्यास लिहिणारा सोबत ‘जिकरी चिठ्ठी’ देई. त्याच गावातील दुसऱ्या ओळखीच्या पेढीच्या नावे ती असे; पहिल्याने हुंडी नाकारली, तर आपली पत राखण्यासाठी तुम्ही ती सकारा, अशी तिची भाषा. देशी भाषेतील हुंड्यांचे असे स्थानिक रिवाज १८८१ च्या कायद्यानेही अबाधित ठेवले. आपला ‘वटणे’ हा शब्द मात्र काहीसा ‘बाउन्स’सारखाच. ‘चेक वटला नाही’ म्हटले, की दोष कागदाचा ठरतो. ‘सकारले नाही’ म्हणताच कोणी, हे विचारावे लागते.

कायदा तरी ते विचारतोच. १९८८ च्या दुरुस्तीने कलम १३८ आले आणि १ एप्रिल १९८९ पासून पुरेशा रकमेअभावी चेक परत जाणे हा गुन्हा झाला. आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चेक परतल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यावर तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोहोचल्यापासून देणाऱ्याला पंधरा दिवसांची सवड असते. तरीही पैसे आले नाहीत, तर पुढील महिन्याभरात न्यायालयात तक्रार. हप्त्याच्या बाबतीत ‘ईएमआय बाउन्स झाला, चार्जेस लागतील’ एवढ्यावर जे विषय सोडतात, त्यांनी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्टचे कलम २५ पाहावे. खात्यातून परस्पर जाणारा हप्ता रक्कम नसल्यामुळे चुकला, तर तेथेही शिक्षा जवळपास तीच आहे.

व्यापारी घरांत याची झळ अनेकदा भलत्याच व्यक्तीला बसते. फर्म पत्नीच्या किंवा सुनेच्या नावे असते. सोयीसाठी तिच्याकडून चेकबुकावर आगाऊ सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. रक्कम आणि तारीख दुकानात भरली जाते, तेव्हा ती स्वयंपाकघरात असते. चेक परतला, की घरातले पुरुष ‘बाउन्स झाला, पुन्हा टाकायला सांगू’ म्हणतात. नोटीस मात्र सही करणारीच्या नावे येते. मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला, की खाते पती-पत्नीचे संयुक्त असले, तरी जिने चेकवर सही केलेली नाही तिच्यावर या कलमाखाली खटला चालू शकत नाही. त्या पत्नीची सुटका झाली ती सही नव्हती म्हणून. ज्यांच्या सह्या कपाटातल्या चेकबुकात आधीच पडून आहेत, त्यांना या निकालाचा आधार नाही. चेकबुक आज संध्याकाळीच कपाटातून काढून पाहावे, हे उत्तम.

गुलमंडीवरचा नातू एव्हाना पार्टीला पुन्हा फोन लावतो. पलीकडून उत्तर येते, ‘‘हो का, बाउन्स झाला? बघतो.’’ आजोबा बँकेचा मेमो मागून घेतात, चष्मा पुसतात आणि तो हाती आल्याची तारीख त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितात. तीस दिवस तेथून मोजायचे असतात.