पिशवी काढण्याआधी : ऊसतोडीला निघणाऱ्या बायांना आणि घरच्यांना आवाहन

दसरा झाला की बीडमधून टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पाळीमुळे फडावर खाडा पडू नये, शिवाय पुढे कॅन्सर होईल या भीतीनं अनेक जणी आधीच पिशवी काढून येतात. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. तिशीतल्या बायाही त्यांत होत्या.

बायांनो, चाळिशीकडे पाळी बिघडते ती बहुतेकदा अंडाशयातली बीजं आटत आल्यामुळे. मेंदूतली पियुषिका ग्रंथी अंडाशयाला हाक देते. बीजं कमी झाली की उत्तर क्षीण येतं, म्हणून ती आणखी जोरानं हाक मारते. मग एखाद्या महिन्यात बीज लवकर सुटतं, एखाद्या महिन्यात सुटतच नाही. न सुटलं तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, एकटं इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवत राहतं आणि नंतर अंगावरून धो-धो जातं. यात पिशवीचा दोष नसतो. गोळ्यांनी, किंवा हार्मोन असलेल्या तांबीसारख्या साधनानं हे बऱ्याच जणींचं आवरतं.

तरी अंगावर काढू नका. गाठ, थायरॉईड, क्वचित कॅन्सरही असू शकतो, म्हणून सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करा; डॉक्टरांनी सांगितलं तर अस्तराचा तुकडाही तपासून घ्या. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर वर्षानुवर्षं हळूहळू ओसरणारं इस्ट्रोजेन एकदम तुटतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी काही जणींची ती लवकर थकतात. ज्या बाईला डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं आहे, तिच्या हाडांचा विचार ऑपरेशनआधी कोणी करतं का?

तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा : नेमका आजार कोणता, गोळ्या देऊन पाहिल्या का, अंडाशयं काढणार की ठेवणार? दुसरं मत सरकारी रुग्णालयात घ्या. नवऱ्यांनो, सासवांनो, तिच्यासोबत जा. आणि मुकादमांनो, पाळीच्या दिवसांचा खाडा कापू नका. तो कापला जातो तोवर बाया पिशवी काढायला दवाखान्याकडे अशाच घाईनं धावत राहतील.