परदेशी रस्ता, देशी सवय

अमेरिकेस मुलाकडे गेलो असता आम्ही हौसेने मोटार चालविली. रस्त्याच्या उजव्या बाजूने जावयाचे, एवढे ध्यानात होते. दुपदरी रस्त्यावर समोरून आलेली शाळेची पिवळी बस थांबली. तिचे तांबडे दिवे उघडझाप करू लागले. आमची बाजू मोकळी, म्हणून आम्ही पुढे निघालो, तोच चिरंजीव ओरडले, "बाबा, थांबा!" ब्रेक दाबला आणि बसपुढून एक चिमुरडी धावत रस्ता ओलांडून गेली. अशा वेळी तेथे दोन्ही बाजूंच्या वाहनांनी थांबलेच पाहिजे, असा कायदा आहे. आंतरराष्ट्रीय परवाना आमच्या खिशात होता. त्या राज्याची नियमपुस्तिका मात्र आम्ही उघडलीही नव्हती. वाचकहो, ती आधी वाचा. वडोदऱ्यास परतल्यावरही शाळेची रिक्षा थांबलेली दिसली, की आमचा पाय आपसूक ब्रेकवर जातो.