मुक्या सोबत्याचें परदेशगमन

हल्लीं आपल्या घरांतून परदेशगमन ही अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. एके काळीं समुद्र ओलांडून आलेल्यास प्रायश्चित्त द्यावें कीं न द्यावें यावर घराघरांत वाद होत. आज मुलगा, सून, लेक, जांवई यांपैकीं कोणी ना कोणी लंडनास, टोरांटोस किंवा म्यूनिकास असतोच. वादाचा विषय मात्र बदलला आहे. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आम्हांस आढळतो: जाण्याचें नक्की झालें आहे, तिकिटें निघालीं आहेत, सामानाची यादी झाली आहे, आतां घरांतल्या कुत्र्याचें किंवा मांजराचें काय करावयाचें?

या “आतां” शब्दांतच बहुतेक अडचणी सांठलेल्या आहेत. तिकिटें निघाल्यावर हा प्रश्न विचारणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणें होय. भारतांतून ब्रिटनमध्यें किंवा युरोपांतील बहुतेक देशांत जनावर न्यावयाचें तर लशीपासून प्रयाणापर्यंत निदान चार महिने जातात, आणि सुखानें करावयाचें तर सहा महिने हातीं असावे. म्हणून नोकरीचें पत्र हातीं पडण्याच्या आधीं, नुसती बोलणीं चालू असतांनाच, हा विषय घरांत निघाला पाहिजे.

परंतु कसें न्यावें याच्या आधींचा प्रश्न न्यावें कीं नाहीं हा आहे, आणि एकत्र कुटुंबांत तो दिसतो तितका सरळ नसतो. पिलूं आणलेलें असतें धाकट्या दिरानें हौसेनें. त्याला दूधपोळी मिळते आजेसासूबाईंच्या हातची. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणतात मामंजी. आणि शाळेंतून आल्यावर दप्तर फेंकून त्याच्या गळ्यांत पडतात पुतणे. मग परदेशीं निघालेलें जोडपें “आमचा कुत्रा” म्हणतें, तेव्हां त्या “आमचा” मध्यें कोण कोण येतें? पैसे कोणीं दिले हा मुद्दा आम्ही गौण मानतों. जनावर कोणाच्या पावलांची वाट पाहत दाराशीं बसतें, तें पाहावें. त्या माणसाचें मत घेतल्यावांचून निर्णय करूं नये, मग तें माणूस आठ वर्षांचें असो कीं ऐंशीं वर्षांचें.

“कुत्रें माणसाचें, मांजर घराचें” अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती अर्धीच खरी आहे. मांजर परक्या घरीं रुळत नाहीं असें नाहीं; त्यास वेळ अधिक लागतो इतकेंच. तरी बारा-तेरा वर्षांचें, देवघराच्या उंबऱ्याशीं जागा ठरलेलें मांजर विमानांत घालून परक्या थंडींत नेण्यांत आम्हांस ममता कमी व हट्ट अधिक दिसतो. उलट, दांडगा तरुण कुत्रा सत्तरीच्या सासूबाईंच्या स्वाधीन करून “तुम्हांला तेवढीच सोबत” असें म्हणणें ही शुद्ध चलाखी आहे. ज्यांचे गुडघे धरले आहेत त्यांनीं तीस किलोचें जनावर साखळीला धरून फिरवावें तरी कसें? तें काम अखेर मागें राहिलेल्या थोरल्या सुनेच्या गळ्यांत पडतें, आणि तिला या बाबतींत कोणीं एका शब्दानें विचारलेलें नसतें. अशा घरांतून पुढें जो अबोला होतो, त्याचें कारण कुत्रा आहे असें कोणी उघड म्हणत नाहीं.

तिसरी एक वाट कांहीं मंडळी काढतात. “गांवाकडच्या वाडीवर सोडूं, तेथें मोकळें राहील” असें म्हणून मोटारींतून जनावर नेतात आणि रिकामी मोटार घेऊन परत येतात. ताटांतलें खाऊन वाढलेल्या जनावरास अन्न मिळविण्याची विद्या राहिलेली नसते, आणि तेथलीं कुत्रीं त्यास आपल्या हद्दींत थारा देत नाहींत. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें जनावरास उपासमार होईल अशा स्थितींत टाकून देणें हा गुन्हा ठरविला आहे, हेंही येथें सांगून ठेवतों.

आतां न्यावयाचेंच ठरलेल्यांविषयीं. धर्मराजानें कुत्र्यावांचून स्वर्गाच्या रथांत पाऊल ठेवण्याचें नाकारलें, ही महाप्रस्थानाची कथा घरोघर ठाऊक आहे. फरक एवढाच कीं त्यास रेबीजची रक्ततपासणी दाखवावी लागली नाहीं. आजच्या सर्व नियमांच्या मुळाशीं हा एकच रोग आहे. ब्रिटननें तो १९२२ सालीं आपल्या भूमीवरून घालविला, आणि पुढें अनेक दशकें बाहेरून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांना सहा महिने विलगीकरणांत काढावे लागत. २००० सालीं कांहीं देशांपुरती ही अट सैल झाली, आणि २०१२ पासून भारतासारख्या देशांतील जनावरांनाही चिप, लस व रक्ततपासणी या मार्गानें थेट घरीं जातां येऊं लागलें. आपल्याकडे हा रोग अद्याप हटलेला नाहीं. तेव्हां आपल्या जनावराकडे संशयानें पाहतात म्हणून रागावण्यांत अर्थ नाहीं.

या मार्गांत क्रम हेंच सर्वस्व आहे. प्रथम मायक्रोचिप बसवावयाची. तांदळाच्या दाण्याएवढी ही वस्तु खांद्यांच्या मध्यें कातडीखालीं सुईनें घालतात. यंत्र फिरवितांच तिचा पंधरा आंकडी क्रमांक दिसतो. त्यानंतर रेबीजची लस, आणि लशीच्या दाखल्यावर तोच क्रमांक. चिपेच्या आधीं टोंचलेली लस हिशेबांत धरीत नाहींत. येथेंच पुष्कळांची फसगत होते: कुत्र्यास पिलूं असल्यापासून दर वर्षीं लस दिलेली असते, चिप मात्र परवां बसविलेली असते, आणि मग सहा वर्षांच्या लशी कागदोपत्रीं शून्य होतात. लशीनंतर निदान ३० दिवस गेल्यावर रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत पाठवितात. त्यांत रोगप्रतिकारक द्रव्य मिलिलीटरमागें निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरलें पाहिजे. तें भरलें तरी ब्रिटन व युरोपीय संघ यांसाठीं रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावें लागतें.

निकाल चांगला आल्यावर आणखी तीन महिने कशाला, असें वाचक विचारतील. रेबीजचें विष शरीरांत शिरल्यावर लक्षणें दिसावयास आठवडे, कधीं महिने लागतात. लस देण्याच्या आधींच जनावरास दंश झालेला असेल, तर रक्तांत प्रतिकारक द्रव्य दिसेल आणि आंत रोगही वाढत असेल. तो या तीन महिन्यांत उघड व्हावा, एवढ्याचसाठीं ही प्रतीक्षा आहे. “डॉक्टर ओळखीचे आहेत, मागची तारीख घालून देतील” असा सल्ला देणारे आप्त प्रत्येक घरांत निघतात. त्यांचें मुळींच ऐकूं नये. कागद जुळले नाहींत तर ब्रिटनमध्यें जनावरास चार महिन्यांपर्यंत विलगीकरणांत ठेवतात किंवा आल्या वाटेनें परत पाठवितात. आणि ती शिक्षा तारीख घालणारास नव्हे, जनावरास होते. पुढील वर्षांची लस मुदतींत देणेंही विसरूं नये, कारण एकदां खंड पडला कीं रक्ततपासणी पुन्हा करावी लागते. ब्रिटनसाठीं कुत्र्यास पट्टकृमीचें औषध तेथें पोंचण्यापूर्वीं २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्याकडूनच द्यावयाचें असतें. मांजरास ती अट नाहीं.

देशोदेशींचे नियम सारखे नाहींत. अमेरिकेनें १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांविषयीं नवे नियम लागू केले: वय निदान सहा महिने, चिप, आणि भारतासारख्या देशांत लस टोंचलेली असेल तर ठराविक विमानतळांवरच प्रवेश व तेथील नोंदणीकृत प्राणिगृहांत आधीं जागा राखून ठेवणें. मान्य रक्ततपासणी नसेल तर तेथें २८ दिवस मुक्काम घडतो. मांजरांना हे नियम लागू नाहींत. कॅनडा घरच्या जनावराच्या बाबतींत पुष्कळ सौम्य आहे. लशीच्या दाखल्यावर काम भागतें. जपान रक्ततपासणीनंतर १८० दिवस थांबावयास लावतो. ऑस्ट्रेलियांत भारतांतून थेट जनावर नेतांच येत नाहीं. आधीं त्यांनीं मान्य केलेल्या देशांत नेऊन तेथें तयारी पुरी करावी लागते, आणि शेवटीं मेलबर्नजवळ मिकलहॅम येथें निदान १० दिवसांचें विलगीकरण चुकत नाहीं. २०१५ सालीं जॉनी डेप या सिनेनटाचे दोन कुत्रे नोंद न करतां तेथें आणले गेले, तेव्हां ते परत न्या, नाहीं तर मारावे लागतील असें खुद्द शेतकी मंत्र्यांनीं बजावलें होतें. नटाची ही कथा, तर तुमची-आमची काय! नियम बदलत राहतात, म्हणून त्या त्या सरकारचें अधिकृत पत्रक स्वतः वाचावें. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबूं नये.

येथून निघतांना केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेचा आरोग्य-दाखला लागतो. तिचीं केंद्रें मुंबई, दिल्ली, कलकत्ता, चेन्नई, हैदराबाद व बंगलोर येथें आहेत. पुण्या-नागपूरच्या मंडळींनीं त्या फेरीचा दिवस हिशेबांत धरावा. विमानाच्या तारखेच्या अगदीं लगत हें काम करावें लागत असल्यामुळें त्या आठवड्यांत घरांत केळवणें कमी ठेवलेलीं बरीं.

पिंजरा मात्र आधींच, दोन-तीन महिने अगोदर, घरांत आणावा. आयाटा या हवाई वाहतूक संघटनेनें त्याचें माप ठरवून दिलें आहे. जनावर उभें असतां नाकाच्या शेंड्यापासून शेंपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यावी व तींत जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवावा. ती पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही त्याची रुंदी. डोकें किंवा कान, जें उंच असेल तेथपर्यंतची उंची, आणि वर अंथरुणाची जाडी. या पिंजऱ्याचें दार काढून तो माजघरांत ठेवावा, रोजचें जेवण त्यांतच द्यावें, दुपारची झोंप त्यांतच होऊं द्यावी. मुलांनीं त्यांत शिरून खेळ मांडला तरी रागावूं नये. जनावरास ती आपली खोली वाटूं लागली कीं निम्मी तयारी झाली. प्रवासाच्या दिवशीं आंत नवी चादर न घालतां, न धुतलेली जुनी, घरच्या माणसाच्या अंगाचा वास असलेली साडी किंवा धोतर घालावें. गृहिणींना हें रुचणार नाहीं, परंतु अंधारांत त्या जिवास तोच आधार असतो.

गुंगीचें औषध देण्याचा मोह टाळावा. त्यानें रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, तोल जातो, आणि वर कोणीही पाहावयास नसतो. पुष्कळ विमान कंपन्या तसें जनावर घेतच नाहींत. एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीनें आपल्या शहरांतून पग घरोघर शिरला; त्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, तसेंच पर्शियन मांजरांना, हवेंतील उष्मा व कोंदटपणा सोसत नाहीं, म्हणून कित्येक कंपन्या त्यांना सरळ नकार देतात. तिकिटाआधीं हें विचारून घ्यावें.

आहाराचेंही तसेंच. जन्मभर दहीभात व पोळी खाल्लेल्या जनावरास तिकडे तयार खाद्यावर राहावें लागणार असेल, तर तो बदल येथेंच, आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करीत, प्रवासाच्या बराच आधीं पुरा करावा. सासूबाईंनीं प्रेमानें बांधून दिलेला तुपाचा डबा ब्रिटन-युरोपांत नेतां येत नाहीं, हें त्यांना आधीं सांगावें म्हणजे विमानतळावर वाईट वाटावयास नको. तिकडे पोंचल्यावर मांजर पहिले कांहीं दिवस एकाच खोलींत ठेवावें. घर भाड्यानें घेतांना करारांत प्राण्यांविषयीं काय म्हटलें आहे तें वाचावें. जर्मनींत कुत्र्यावर नगरपालिकेचा कर असतो, मांजरावर नसतो.

जनावर मागेंच ठेवावयाचें ठरलें, तर जाणारांचें काम संपलें असें नाहीं. लशींच्या तारखा, औषधें, दवाखान्याचा पत्ता हें सर्व एका वहींत लिहून थोरल्या वहिनींच्या हातीं द्यावें. खर्चाची रक्कम दर महिन्यास न मागतां पाठवावी; मागें राहिलेल्यांना ती मागण्याचा संकोच होतो. आणि अपरात्रीं जनावर अत्यवस्थ झालें, शस्त्रक्रिया करावी कीं शांतपणें जाऊं द्यावें असा प्रसंग आला, तर शब्द कोणाचा चालेल, हें निघण्यापूर्वीं सर्वांसमक्ष ठरवावें. त्या वेळीं अमेरिकेंत दुपार असते, आणि कचेरींतल्या माणसाचा दूरध्वनि बंद असतो.